शेवग्यात राहिलेला माझा कोपरा

मी एक जुनी लोखंडी जाळी आहे, मित्रांनो, आणि माझा खालचा एक कोपरा तुटलेला आहे. बदलापुरात, मांजर्लीला, जनूच्या घरामागं कोंबड्यांचं खुराडं आहे, त्याला दार म्हणून मी उभी असते. येणारा-जाणारा मला बघून म्हणतो, "ही अजून भंगारात कशी दिली नाही?" त्यावर जनूची बायको वेणू अशी काही बघते की विचारणारा पुढचं बोलणं गिळूनच टाकतो. भंगार म्हणे! अरे, या भंगारानं ठाण्याच्या कोर्टात साक्ष दिली आहे. पण ते मिरवायला म्हणून मी बोलत नाही. मिरवण्यासारखं त्यात काय आहे, ते तुम्हीच शेवटी ठरवा.

मला उल्हासनगरात कॅम्पातल्या एका वेल्डिंगवाल्यानं घडवलं. बारीक सळ्या कापल्या, उभ्या-आडव्या जोडल्या, वर हिरवा रंग मारला. दोन्ही बाजूंना बोल्ट बसवायला कान ठेवले. तिथून मी गेले हरिचंद्रशेठच्या कारखान्यात. कारखाना कसला, एका गल्लीतली लांबोडी पत्र्याची शेड. माणसं थोडी, विम्याचं कार्ड एकाकडेही नाही. तिथं पट्ट्याची बक्कलं व्हायची. पॉवर प्रेस नावाचं यंत्र असतं बघा. हातानं पत्रा आत सरकवायचा, पायानं पेडल दाबायचं, की वरून डाय, म्हणजे पोलादी साचा, धाडकन खाली येते आणि बक्कल कापून निघतं. त्या डायला पत्रा कोणता आणि बोट कोणतं, ते कळत नाही. म्हणून मधे मी. माझ्या फटीतून पत्रा आत जायचा, बोटं जायची नाहीत. हात आला की आडवं यायचं, एवढंच माझं शिक्षण. पण ते मी चोख केलं. जनू तेव्हा नवीन होता, घाईघाईत चारदा त्याचा हात माझ्यावर आपटला. चारदा त्यानं मला शिवी हासडली. मला त्या शिव्या गोड लागायच्या.

शेठला मात्र मी डोळ्यांत खुपत होते. माझ्यामुळं पत्रा बेतानं सरकवावा लागे आणि माल कमी निघे. एक दिवस शेठ म्हणाला, "इसके रहते काम क्या खाक होगा? काढा रे ती जाळी." पान्यानं माझे बोल्ट सोडवले आणि मला भिंतीला टेकवून ठेवलं. सरकारी साहेब तपासणीला यायचा असला की मला पुसून जागेवर बसवायचे, आणि साहेबाची पाठ वळली की पुन्हा भिंतीला. असं काढ-घाल करता करता घाईत माझे दोन्ही कान मोडले. मग शेठ हसत म्हणाला, "जनू, तुझ्याकडं कोंबड्या आहेत ना? घेऊन जा हिला. शेठनं भेट दिली म्हणून सांग."

सगळे हसले. जनूही हसला. भोळा माणूस, त्यानं शेठला नमस्कारसुद्धा केला. मला सायकलच्या कॅरियरला बांधून अंबरनाथवरून मांजर्लीला आणलं. वाटेत मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे बाबा, कोंबड्या राखायला मला नेतोस, आणि तुझा हात कोण राखणार? पण लोखंडाला तोंड कुठं असतं!

जनूच्या आईनं, मोतीबाईनं, घरामागं शेवगा लावला होता. त्याच्या खोडालाच खुराडं टेकवलेलं. जनूनं माझी एक बाजू तारेनं त्या खोडाला घट्ट आवळली आणि दुसऱ्या बाजूनं वाकवून कोंबड्यांना वाट केली. शेवगा फोफावत गेला. आधी त्याची साल माझ्या कोपऱ्याला टेकली, मग सळ्यांवर चढली, आणि दोन पावसाळे उलटेपर्यंत माझा कोपरा त्यानं पार पोटात घेतला. मोतीबाई मला थोपटून म्हणायची, "आता ही जाली नाय सुटत. झारानं धरलीन." कोंबड्या, अंडी, शेवग्याच्या शेंगा. खरं सांगू? बरं चाललं होतं माझं.

आणि मग एका दुपारी जनूला दोघांनी धरून आणलं. उजव्या हाताला भलामोठा पांढरा बोळा. सरकारी दवाखान्यातून तीन-चार दिवसांनी सोडलं होतं. चार बोटं मुळापासून गेली होती. अंगठा तेवढा राहिला.

ज्या यंत्रावर मी असायची, त्याच यंत्रावर.

जनू बोलेनासा झाला. हातावर टॉवेल टाकून भिंतीकडं तोंड करून बसायचा. डाव्या हातानं जेवायची त्याला लाज वाटायची, म्हणून वेणू घास भरवायची, आणि तो घास तोंडात तसाच धरून बसायचा. वेणू रडायला म्हणून खुराड्यापाशी यायची. माझ्या सळ्यांत बोटं अडकवून, कपाळ टेकून रडायची. मला तिची सगळी बोटं मोजता यायची, आणि ते फार वाईट वाटायचं.

शेठकडून निरोप आला की कागदावर अंगठा उठव, औषधपाण्याचं देतो, मग तुझं-माझं नातं संपलं. कागदावर उठवायला अंगठा नेमका उरला होता!

वेणूनं निरोप्याला उभ्या उभ्या परत पाठवलं. "वकील करीन," म्हणाली. बोलून तर गेली, पण वकील कसा शोधायचा हे तिला कुठं ठाऊक होतं? आमच्या आळीत वकिलाचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. दवाखान्याच्या फाटकात एक बॅगवाला तिला पूर्वीच भेटला होता. "माई, कंपनीतली केस ना? आपले वकीलसाहेब आहेत. आधी एक पैसा नको," असं म्हणून त्यानं पत्ता घेतला होता. तो आता आपणहून घरी आला. खुराड्याशेजारी खाटेवर बसला, चहा प्याला, आणि गोड बोलून त्यानं वेणूच्या पोटातलं सगळं काढून घेतलं. ती बिचारी आपला माणूस समजून सांगत गेली. यंत्राला जाळी नव्हती, हेही सांगितलं. आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "ही काय, ही हाये ती जाली. शेटनंच दिली."

बॅगवाल्यानं मला असं न्याहाळलं की माझ्या गंजलेल्या अंगावर काटा आला. पण मी करणार काय?

आठवड्याभरात तो परत आला, तो तोंड पाडून. "माई, घोटाळा झाला. शेठ म्हणतो, जाळी यंत्रावरच होती. अपघाताच्या सकाळपर्यंत होती. जनूनंच जास्त माल काढायच्या हावेनं ती काढली. आणि नंतर तुम्ही लोकांनी ती पळवून घरी आणली. आता हिच्यापायी चोरी लागेल. पोलीस येतील. त्यापेक्षा अंगठा दे आणि मोकळी हो."

मी अजून खुराड्यालाच आहे, हे शेठला सांगितलं कुणी? तुम्ही ओळखलंत. वेणूलाही कळलं, पण फार उशिरा. त्या क्षणी तिला एकच शब्द ऐकू आला, पोलीस.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, आळी सुस्त पडलेली असताना, ती माझ्याकडं आली. तारा तोडल्या. मला ओढू लागली. पण शेवगा सोडतोय होय! वेणूनं खोडाला पाय लावला आणि वेड्यासारखी हिसके देत राहिली. "सोड गो बाय, सोड. माज्या घरधन्याला नेतील," असं मला म्हणत होती की झाडाला, देव जाणे. शेवटी कट्‌कन माझा कोपरा मोडला. तो झाडातच राहिला आणि मी तिच्या हातात आले. धुण्याच्या चादरीत गुंडाळून, डोक्यावर घेऊन तिनं मला उल्हास नदीवर नेलं आणि डोहात भिरकावून दिलं.

मित्रांनो, गाळात कसं असतं ते विचारू नका. वर गढूळ उजेड, अंगावर शेवाळ, आणि आपण कुणाच्या काही कामाचं नाही ही खात्री.

पुढचं काही दिवसांचं मला वेणूच्या तोंडून कळलं. तिनं ते पुढं इतक्यांदा सांगितलं की आता कोंबड्यांनाही पाठ असेल. ती कल्याणच्या कोर्टात गेली. पत्र्याखाली टेबलं टाकून वकील बसलेले. पहिल्यानं विचारलं, "गाडीचा नंबर काय?" ती म्हणाली, "गाडी नाय साहेब, मशीन." तो म्हणाला, "मग आम्ही घेत नाही. ट्रकनं उडवलं असतं तर गोष्ट वेगळी होती." दुसऱ्यानं शेठचं नाव ऐकलं आणि घड्याळ बघितलं. तिसऱ्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, तुमच्या नवऱ्यानंच जाळी काढली असेल तर अशा केसमध्ये काही मिळत नाही. कायदाच तसा आहे." वेणू बाहेर येऊन पायरीवर बसली. "गाडीखाली गेला तरच हात, नायतर काय तो हात नाय?" असं ती मोठ्यानं म्हणाली. लोक वळून बघू लागले. ती तशीच उठली, घरी आली आणि जनूला म्हणाली, "देऊन टाका अंगठा. माजं चुकलं." जनूनं होकाराची मान डोलावली. अंगठ्याचा दिवसही ठरला.

त्याच्या आदल्या दिवशी वेणू अंबरनाथच्या बाजारात अंडी विकायला गेली होती. शेजारी कौसाबाई भाजी घेऊन बसायची. वेणूचा चेहरा बघून तिनं खोदून खोदून विचारलं आणि सगळं ऐकल्यावर मेथीची जुडी दाणकन आपटली. "आगं येडे, त्या बॅगवाल्याकडं कशाला मरायला गेलीस? माझ्या भावाचा डोळा गेला तवा सरस्वतीबाईंनी केस लढवली. गायकवाड वकीलबाई. बुद्धविहाराच्या मागं राहतात. पाटीबिटी शोधू नको. ज्या दारात कामगारांच्या चपला दिसतील ते घर."

वेणू टोपली तिथंच टाकून चपला शोधत गेली.

सरस्वतीबाई तिशी-पस्तिशीच्या. वडील कारखान्यात फिटर होते, त्यामुळं घरात पाने-हातोडे आणि कायद्याची पुस्तकं एकाच फळीवर. त्यांनी वेणूला मधे न तोडता ऐकलं. एकच म्हणाल्या, "अंगठा द्यायचा नाही. उद्या मी घरी येते. केस कागदावर नंतर, आधी डोळ्यांनी बघते."

दुसऱ्या दिवशी खरोखर आल्या. जनू भिंतीकडं तोंड करून बसलेला. त्या त्याच्यासमोर खाली जमिनीवर बसल्या. "जनूभाऊ, हात दाखवा." त्यानं आधी वेणूकडं बघितलं. मग त्यानं टॉवेल काढला. बाईंनी चुकचुक केली नाही, डोळेही फिरवले नाहीत. नीट बघितलं आणि म्हणाल्या, "यंत्रावर जाळी का नव्हती?"

अपघात झाल्यापासून जनूला हे कुणीच विचारलं नव्हतं. तू जाळी का काढलीस, असंच जो तो विचारी. त्याला हुंदका फुटला. "शेटनं काढली, बाई. कोंबड्यांना दिली. दोन पावसाळं झालं."

बाई ताडकन उठल्या. "दोन पावसाळे? आणि ते म्हणतात, त्या सकाळपर्यंत यंत्रावर होती! अहो, मग त्यांचं सगळं खोटं या एकाच गोष्टीवर उभं आहे. चला, दाखवा मला खुराडं." मागं येऊन त्यांनी इकडं-तिकडं बघितलं. "जाळी कुठाय?"

वेणूनं नदीकडं हात केला. "नदीत टाकली. चोरी लागंल म्हनून."

बाईंनी डोळे मिटले. वेणू सांगते की तिला तेव्हा जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. आपल्याच हातानं आपण नवऱ्याचा उरलासुरला आधार डोहात फेकला! पण बाईंनी डोळे उघडले ते नेमके शेवग्यावर. खोडातून दोन सळ्यांची टोकं इंचभर बाहेर आली होती. त्यांनी बोटानं चाचपून बघितलं. "हे काय आहे?"

"तिचा कोपरा," जनू म्हणाला. "झाडानं गिळलाय."

"मोतीआजी," बाई हळूच म्हणाल्या, "ती जाळी मला पाहिजे. पाणी वाढायच्या आत."

मोतीबाईनं लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि नदीची वाट धरली. सारी हयात तिची त्या नदीत मासे चाचपण्यात गेलेली. डोहात गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहून ती पायांनी गाळ चाळत होती आणि तोंडानं शेठच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. वेणू काठावरून रडत ओरडत होती, "आये, भायेर या, बुडशीला!" मोतीबाई म्हणाली, "गप बस. टाकताना इचारलंस काय मला?" पहिला दिवस गेला. दुसरा गेला. मी तिच्या पायांची चाहूल ऐकत होते. इकडं ये गं म्हातारे, अजून थोडी इकडं! तिसऱ्या दिवशी तिची टाच माझ्या तुटक्या कोपऱ्यात घुसली. रक्त आलं. "गावली रांड!" असं ती ओरडली. इतक्या प्रेमानं मला आजवर कुणी हाक मारली नाही.

बाईंनी मला शेवग्याजवळ नेऊन धरलं. तुटलेल्या सळ्या समोरासमोर बरोब्बर बसल्या. फोटोवाल्याला बोलावून फोटो काढले, गावच्या पोलीस पाटलाला आणि दोन शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. मग बाई म्हणाल्या, "कोर्टाला अर्ज करू, कुणीतरी येऊन झाड बघेल. पण तोवर झाड राहिलं पाहिजे. शेठच्या कानावर गेलं तर तो रातोरात तोडून नेईल."

मोतीबाईनं आत जाऊन कोयता आणला. तो शेवगा तिनं लेकरासारखा वाढवला होता. शेंगांचा अर्धा बाजार त्याच्यावर व्हायचा. वेणू म्हणाली, "आये, नको." म्हातारी म्हणाली, "शेवगा पुन्ना फुटतं. माज्या पोराची बोटा फुटतील काय?" आणि तिनं घाव घातला. झाड एका कुशीवर आडवं झालं. पाटलासमोर माझ्या कोपऱ्यासकट खोडाचा तुकडा काढला, मधोमध चिरला, गोणपाटात शिवला, आणि मोतीबाई तिकडं पाठ करून बसली.

तारखा पडत राहिल्या. एका पावसाळ्यात तर मांजर्लीला घरात पाणी शिरलं, तेव्हा सगळ्यांनी आधी मला आणि त्या खोडाला माळ्यावर टाकलं, मग भांडी. शेवटी एकदाची ठाण्याला आमची पाळी आली. कामगारांच्या नुकसानभरपाईचं काम बघणारे साहेब समोर बसलेले. शेठच्या वकिलानं टेबलावरचं खोड बघून विचारलं, "भाजी आणली का?" दोघे-चौघे हसले. हरिचंद्रशेठनं शपथेवर सांगितलं, जाळी त्या सकाळपर्यंत यंत्रावर होती, मी स्वतः डोळ्यांनी बघितली.

सरस्वतीबाईंनी विचारलं, "हीच का ती जाळी?"

शेठनं मला नीट बघितलं. चोरीचा आळ घातला होता ना, मग नाही कसं म्हणणार? "हीच," म्हणाला.

बाईंनी मला उचललं आणि खोडाला लावलं. कोपरा बसला. खोड मधोमध चिरलेलं होतं, त्यात माझ्या सळ्या दिसत होत्या. नदीनं माझ्या अंगावरचा रंग खाल्ला होता, पण झाडाच्या पोटात तो अजून हिरवागार होता. साहेब खुर्चीतून उठले. चष्मा लावून वाकले, सालीवरून, लाकडावरून बोट फिरवलं. मग शेठकडं वळून शांतपणे म्हणाले, "झाडानं लोखंड एवढं आत घ्यायला एक सकाळ पुरते का हो?"

शेठ आपल्या वकिलाकडं बघू लागला, वकील कागदांत बघू लागला.

निकाल आमच्या बाजूनं लागला. बाहेर व्हरांड्यात वेणू सरस्वतीबाईंच्या गळ्यात पडली. मोतीबाई दिसेल त्याला सांगत सुटली की जाली तिनं काढली. जनू पुढं आला, बाईंना नमस्कार करायला त्यानं हात जोडले, आणि थांबला. एक हात पुरा होता, दुसरा अर्धा. ते जुळेनात. त्यानं हात खाली घेतले, पुन्हा वर केले, पुन्हा जुळेनात. वेणूनं आपला उजवा हात त्याच्या डाव्या हाताला लावला आणि दोघांनी मिळून तो नमस्कार पुरा केला. बाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले. मी भिंतीला टेकून उभी होते आणि सगळे म्हणत होते, जाळीमुळं जिंकलो.

कसलं जिंकलो, मित्रांनो? अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी शेठनं यंत्रावर नवी जाळी बसवली होती. म्हणजे बसवता येत होती! मला साक्ष द्यायला घडवलं नव्हतं. मला चार बोटं राखायला घडवलं होतं, आणि तेवढंच माझ्याकडून झालं नाही, कारण मला माझ्या जागेवर कुणी राहू दिलं नाही.

शेवगा बुडख्यापासून पुन्हा फुटला. जनू आता कोंबड्या पाळतो आणि रोज सकाळी डाव्या हातानं मला बाजूला सरकवतो. ऊन पडलं की खुराड्यासमोर माझी सावली पडते, एक कोपरा नसलेली, आणि तिच्याशेजारी त्याच्या हाताची.

तुम्ही मोठे व्हाल. कुणी कारखान्यात जाल, कुणी कारखाना काढाल, कुणी वकीलही व्हाल. एखादं यंत्र धाडधाड चाललेलं दिसलं, कुणाचा तरी हात त्याच्या आत-बाहेर होताना दिसला, तर एवढंच करा. सरस्वतीबाईंनी जे विचारलं ते तुम्ही विचारा. लाजू नका, मोठ्यानं विचारा, शेठला विचारा. फक्त त्यांच्यासारखं हात गेल्यावर विचारायची पाळी येऊ देऊ नका. सगळी बोटं जागेवर आहेत तेव्हाच विचारा, "जाळी कुठाय?"